एकच रिमोट पुरेल का?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो आणि त्या सुमारास एरवी कुलपात असलेली किंवा दोघा म्हाताऱ्यांच्या भरवशावर चाललेली घरं माणसांनी भरून जातात. माण, आटपाडी, खानापूर या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी गलाईवर चालते. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यानं इथली माणसं देशभरच्या सराफबाजारांत नेऊन बसवली. त्यांतला कोणी गावी येताना मोठा टीव्ही आणतो, कोणी साउंडबार, कोणी पाच स्पीकर आणि वुफरचं होम थिएटर. यात्रेच्या धामधुमीतच जोडणी होते, आई-वडिलांना "आधी हे बटण, मग हे" असं दाखवून होतं आणि पोरगा परतीच्या गाडीला लागतो. मागे उरतात तीन रिमोट: टीव्हीचा, छत्रीच्या बॉक्सचा आणि होम थिएटरचा. मग कधीतरी फोन जातो, "चित्र दिसतंय, पण आवाजच नाही."

या तिघांचं काम एका रिमोटवर आणता येतं का? येतं, आणि त्याच्या वाटाही बऱ्याच आहेत. त्या तोलायला मी मात्र एकच काटा वापरणार आहे. रिमोट बसवून देणारा निघून गेला, मध्ये लाईट जाऊन परत आली, तरी घरात उरलेल्या माणसाला कोणालाही फोन न लावता बातम्या पाहता-ऐकता आल्या पाहिजेत. दुकानातल्या खोक्यावर "एकाच रिमोटवर आठ उपकरणं" असं छापलेलं असतं. या काट्यावर त्या आठाला काही किंमत नाही.

इतके रिमोट झाले कसे, हे आधी पाहिलेलं बरं. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं. पुढे ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएलच्या संचांबरोबर रिमोट घरात आला. तेव्हा तो एकुलता एक होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपला जायचा. दुसरा रिमोट आला तो बॉक्सबरोबर. २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा, २००६ मध्ये टाटा स्काय अशा छत्र्या घरांवर उगवत गेल्या. पाठोपाठ केबलही डिजिटल करण्याचा कायदा आला. म्हसवडसारख्या नगरपरिषदेच्या गावांना तिसऱ्या टप्प्यातली ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. आसपासच्या खेड्यांसाठी ती शेवटी ३१ मार्च २०१७ ठरली. त्यानंतर चॅनेल बदलण्याचं काम टीव्हीच्या रिमोटकडून बॉक्सच्या रिमोटकडे गेलं. टीव्हीच्या रिमोटकडे उरलं चालू-बंद आणि आवाज. होम थिएटर आलं आणि आवाजही तिसऱ्याकडे गेला. घरातलं एक काम तीन जणांत वाटलं गेलं आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

अमेरिकेला ही अडचण आपल्या बरीच आधी भेटली. तिथे १९५६ मध्ये झेनिथ कंपनीचे रॉबर्ट ॲडलर यांनी बनवलेल्या रिमोटला सेलच लागत नव्हते. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद टीव्ही ओळखायचा. पुढे नादाची जागा अवरक्त किरणांनी घेतली. टीव्हीशेजारी व्हीसीआर येऊन बसला, तसे रिमोट वाढले. अनेक यंत्रांना चालणारा रिमोट १९८५ मध्ये नॉर्थ अमेरिकन फिलिप्सनं तयार केला. १९८७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिॲक यांनी आपल्या नव्या कंपनीतून 'कोअर' नावाचा रिमोट काढला. तो दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून घ्यायचा. मात्र तो नीट वापरायला आकडेमोडीची इतकी हौस लागायची की सामान्य घरात तो रुजला नाही. हा शेरा या क्षेत्रातल्या अर्ध्याअधिक उपकरणांना आजही लागू पडतो.

आता रिमोट करतो काय, ते. त्याच्या टोकाचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. तो नुसता पेटत नाही. बहुतेक यंत्रांसाठी सेकंदाला साधारण ३८,००० वेळा उघडझाप करतो, म्हणजे ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या प्रकाशातून टीव्हीला तो वेगळा ओळखू येतो. या उघडझापीच्या लहान-मोठ्या झोतांत आणि थांब्यांत संदेश भरलेला असतो. आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणाऱ्या, जपानच्या एनईसी कंपनीच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंदांचा थांबा आणि पुढे ३२ खुणा असतात. त्यांतल्या निम्म्या सांगतात की संदेश कोणत्या यंत्रासाठी आहे, उरलेल्या सांगतात की कोणतं बटण दाबलं. सोनीची पद्धत वेगळी, तिची उघडझाप ४०,००० ची. फिलिप्सची आणखी वेगळी, ३६,००० ची.

खरी मेख या भाषांच्या फरकात नाही. ती अशी की रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. टीव्ही चालू झाला की नाही, हे रिमोटला कधीच कळत नाही. त्यात चालू आणि बंद यांना बहुतेक यंत्रांवर एकच बटण असतं: बंद असेल तर चालू कर, चालू असेल तर बंद कर. तीन यंत्रं, तिघांची स्थिती वेगवेगळी, आणि हुकूम देणारा बहिरा. पुढच्या सगळ्या वाटा याच ठेचेवर अडखळतात किंवा तिला वळसा घालतात.

पहिली आणि सर्वांत जुनी वाट म्हणजे आकडे टाकायचा रिमोट. सोबत एक पुस्तिका येते, तिच्यात कंपन्यांची नावं आणि त्यांच्यापुढे तीन, चार किंवा पाच आकडी क्रमांक. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, टीव्ही की बॉक्स ते निवडायचं, क्रमांक टाकायचा. क्रमांक सापडला नाही तर शोध लावायचा: रिमोट एकेक संकेत पाठवत राहतो आणि टीव्ही बंद झाल्याक्षणी आपण हात थांबवायचा. हात एक पाऊल पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून. सोनी, सॅमसंग, एलजीच्या घरात ही वाट पाच मिनिटांत पार होते. पण माणदेशातल्या घरात बॉक्स असतो दूरदर्शनच्या त्या फुकट सेवेचा, म्हणजे फ्री डिशचा, कुठल्याशा नावाचा किंवा बिननावाचा, आणि होम थिएटर असतं जिल्ह्याच्या बाजारात जुळवलेलं. त्यांची नावं त्या पुस्तिकेत कुठून यायची? शिवाय एखाद्या क्रमांकानं आवाज आणि चालू-बंद जमतं, पण मेन्यूचं बटण मुकं राहतं. माझ्या मते ज्या घरात तिन्ही यंत्रं नामांकित कंपनीची आहेत, तेवढ्यापुरतीच ही वाट आहे.

दुसरी वाट शिकणाऱ्या रिमोटची, आणि इथं जरा थांबायला हवं. या पट्ट्यात ती आकड्यांच्या वाटेपेक्षा कितीतरी भरवशाची आहे, आणि अनेक घरांत न वापरता पडून आहे. कितीतरी डीटीएच कंपन्यांच्या रिमोटवर वरच्या कोपऱ्यात टीव्हीसाठी चार-पाच बटणं वेगळी दिलेली असतात. ती कोरी पाटी असते. जे शिकवाल ते गिरवतील. शिकवण्याची रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं एकच. दोन्ही रिमोट सपाट टेबलावर समोरासमोर, दिव्याला दिवा भिडवून, दोन-चार सेंटिमीटर अंतरावर ठेवायचे. सेटचं बटण दिवा लागेपर्यंत धरायचं. नव्या रिमोटवरचं जे बटण शिकवायचं ते एकदा दाबायचं, मग जुन्यावरचं मूळ बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की धडा पाठ झाला.

ज्यांना हे जमत नाही त्यांचं तीनपैकी काहीतरी चुकलेलं असतं. जुन्या रिमोटचे सेल उतरलेले असतात. दोन्हींत नवे सेल घालूनच सुरुवात करावी. टेबल खिडकीत असतं आणि त्यावर ऊन पडलेलं असतं. म्हसवडच्या उन्हात रिमोटच्या दिव्याचा निभाव लागत नाही, आतल्या खोलीत जावं. किंवा जुनं बटण फार वेळ दाबून धरलेलं असतं. एनईसी पद्धतीत बटण दाबून धरलं की पहिल्या पूर्ण संदेशानंतर नुसता "तेच पुन्हा" असा छोटा इशारा जात राहतो. रिमोटनं तो इशाराच शिकला तर पदरात काही पडत नाही. जुना रिमोट जिवंत आहे का, हे पाहायला मोबाईलचा पुढचा कॅमेरा पुरतो. रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबलं की बहुतेक मोबाईलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका दिसतो. ठिपका नाही, तर दोष सेलचा किंवा रिमोटचा. उगाच टीव्ही उघडायला लावू नये.

या वाटेलाही खड्डे आहेत. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला संदेशातली एक खूण उलटते. त्यावरून टीव्हीला कळतं की ११ साठी १ दोनदा दाबलाय, एकदाच धरून ठेवलेला नाही. शिकलेला रिमोट ती खूण उलटवत नाही, तोच संदेश घोकत राहतो, आणि ११ च्या जागी १ लागतो. दुसरा खड्डा मोठा: ब्लूटूथवर चालणारे रिमोट शिकवता येत नाहीत. बऱ्याच नव्या स्मार्ट टीव्हींच्या रिमोटचं फक्त चालू-बंदचं बटण प्रकाशावर चालतं, बाकी सगळं ब्लूटूथवर. समोरासमोर ठेवून तासभर बसलात तरी धडा पाठ होणार नाही. (डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफ्सेनची उघडझाप तर सेकंदाला ४,५५,००० ची, साधा शिकाऊ रिमोट तिथेही हात टेकतो. पण ते संच माणमध्ये कोणाकडे असलेच, तर त्याला हा लेख वाचायची गरज नाही.)

जुळवलेल्या होम थिएटरबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण गावाकडच्या घरात खरं तर तेच असतं. ॲम्प्लिफायरच्या पेटीला पुढून यूएसबी, ब्लूटूथ, एफएमची तयार पट्टी बसवलेली असते आणि तिच्याबरोबर चपटा, बोटभर जाडीचाही नसलेला छोटा रिमोट येतो. हे रिमोट बहुधा एनईसी पद्धतीचे असतात आणि त्यांतल्या पुष्कळांवर यंत्राचा क्रमांक शून्यच ठेवलेला असतो. त्याचा फायदा असा की एक हरवला तर दुसऱ्या पेटीचा चालून जातो. तोटा असा की गणपतीच्या मखराला लावलेल्या रंगीत पट्टीदिव्यांच्या रिमोटनं कधीकधी घरातला आवाज वर-खाली होतो. दिवे बदलताना पेटीच्या पुढच्या पट्टीवर थोडा वेळ काळी चिकटपट्टी लावली की भांडण मिटतं. या पेट्यांवर 'मोड'चं एकच बटण यूएसबी, ब्लूटूथ, एफएम, ऑक्स असं गोल फिरतं. लाईट जाऊन आली की ती कुठल्या मोडवर उभी राहील हे पेटीगणिक वेगळं. "चित्र आहे, आवाज नाही" या फोनचं कारण अनेकदा हेच असतं, म्हणून शिकवायचं पहिलं बटण आवाजाचं नव्हे, मोडचं. त्याचा एक फायदाही आहे. म्हसवडमध्ये चेतना गाला-सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली, आणि त्याच परिवारानं २००८ मध्ये माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं. मोड फिरवून एफएमवर ९०.४ लावलं की ते टीव्हीशिवाय, पाचही स्पीकरवर ऐकता येतं.

एका बटणात सगळं चालू करणाऱ्या रिमोटचं आकर्षण फार. एक कळ दाबली की टीव्ही, बॉक्स, होम थिएटर ओळीनं चालू आणि आवाज योग्य मोडवर. इथेच तो बहिरेपणा नडतो. बॉक्स आधीच चालू असेल तर तीच कळ त्याला बंद करते. पुन्हा दाबलं तर तो चालू आणि उरलेले दोघे बंद. कॅनडातल्या इंट्रिग कंपनीच्या हार्मनी रिमोटनं यावर चांगली युक्ती काढली होती. कोणतं यंत्र चालू आहे हे तो स्वतः लक्षात ठेवायचा, आणि गणित चुकलं तर मदतीचं बटण दाबल्यावर माणसालाच विचारायचा: टीव्ही चालू झाला का? लॉजिटेकनं २००४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०२१ मध्ये हार्मनीचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. जुना कोणाकडे असेल तर जपून वापरावा. आज कोणी विकत असेल तर पैसे देऊ नयेत, कारण त्याची सगळी मांडणी कंपनीच्या संगणकांवर अवलंबून आहे.

मोबाईलचा रिमोट हा तरुणांचा लाडका उपाय. शाओमीच्या अनेक फोनांना वरच्या कडेला अवरक्त दिवा असतो. सॅमसंगनंही २०१३ च्या गॅलेक्सी एस-४ मध्ये तो दिला होता, पुढे काढून टाकला. फोनमधली यादी छापील पुस्तिकेपेक्षा कितीतरी मोठी, आणि मूळ रिमोट हरवला असेल तर हाच आधार. पण फोन मालकाबरोबर घराबाहेर जातो आणि आजी टीव्हीसमोर बसून राहते. रिमोट घराचा असावा, माणसाचा नव्हे. वायफायवर चालून खोलीभर किरण फेकणाऱ्या डब्या आणि त्यांना जोडलेले बोलके स्पीकर, यांबद्दल एवढंच म्हणतो की राउटर बंद पडला की तेही बंद पडतात.

आता एक वाट अशी, जिच्यात रिमोटला काही शिकवावंच लागत नाही. एचडीएमआय केबलमधली १३ व्या क्रमांकाची पिन यंत्रांनी आपसात बोलण्यासाठी राखलेली आहे. या सोयीचं नाव सीईसी. सोनी तिला ब्राव्हिया सिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस, एलजी सिंपलिंक. मेन्यूत ही नावं शोधून ती चालू करावी लागते, कारण कैकदा ती बंदच असते. तिच्या जोडीला एआरसी आहे, २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलेली. टीव्हीचा आवाज त्याच केबलनं उलटा साउंडबारकडे जातो. टीव्हीवर ज्या खाचेशेजारी एआरसी लिहिलंय तिथेच केबल लावायची. शेजारच्या खाचेत लावली तर चित्राचं काही अडत नाही, आवाज मात्र येत नाही. ही जोडणी जमली की टीव्हीच्या रिमोटनं आवाज साउंडबारचा बदलतो आणि टीव्ही बंद केला की तोही झोपतो. इथे यंत्रं एकमेकांना उत्तर देतात, म्हणून माझ्या काट्यावर ही वाट सर्वांत जड भरते. फायर टीव्ही स्टिकचा रिमोटही याच्या जवळ जातो. तो काडीशी ब्लूटूथनं आणि टीव्ही किंवा साउंडबारशी किरणांनी बोलतो, आणि मांडणी करताना "आवाज बदलला का?" असं विचारून योग्य संकेत स्वतः शोधतो. २०१८ च्या अखेरीपासून आपल्याकडे मिळणारा हा रिमोट कोणाला सार्वत्रिक रिमोट वाटतही नाही, पण काम तेच करतो.

सीईसी नसलेल्या घरांना, म्हणजे लाल-पांढऱ्या पिनांच्या जुळवलेल्या पेटीला, एक फुकटचा उपाय आहे. पेटी टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून जोडायची. बहुतेक टीव्हींवर त्या भोकातला आवाज टीव्हीच्या रिमोटनं कमी-जास्त होतो. नसेल तर ध्वनीच्या मेन्यूत आवाज स्थिर की बदलता, हे निवडता येतं. टीव्हीचा आवाज बऱ्यापैकी वर ठेवून पेटीचा एकदाच मध्यावर बसवायचा, म्हणजे सूं असा आवाज येत नाही, आणि मग पेटीच्या रिमोटला हातही लावायचा नाही. पाच स्पीकरना वेगवेगळा आवाज मिळणार नाही, हे खरं. पण मालिका आणि बातम्यांत पाच वेगळे आवाज ऐकतो कोण?

मुळात रिमोट कमी व्हावेत यासाठी धोरणाच्या पातळीवरही हालचाल झाली. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालला पाहिजे. भारतीय मानक ब्युरोनं आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलं. त्याप्रमाणे बनलेल्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो आणि छत्रीची तार थेट टीव्हीला लावून फुकट चॅनेल दिसतात. फ्री डिशवरच्या घराला हा मोठा लाभ आहे. बॉक्स गेला की त्याचा रिमोट आपोआप गेला.

तेव्हा माझा निवाडा असा. नवा टीव्ही आणि साउंडबार घेत असाल तर दोन्हींना एआरसी आणि सीईसी आहे का हे दुकानातच जोडून पाहा आणि निराळा रिमोट घेऊ नका. फ्री डिश पाहत असाल तर ट्यूनर आत असलेला टीव्ही मागा. जुनी पेटी असेल तर हेडफोनच्या भोकातून जोडा. यातलं काहीच जमत नसेल, तरच शिकणारा रिमोट घ्या. त्याला टीव्हीचं चालू-बंद, आवाजाची दोन बटणं आणि पेटीचा मोड, एवढंच शिकवा. एका बटणात तिघांना उठवण्याच्या फंदात पडू नका. आणि एक काम विसरू नका: नवा रिमोट चालू लागला तरी जुन्यांतले सेल काढून ते नावं लिहून कपाटात ठेवा. पुढं कधी पुन्हा शिकवायची वेळ आली, तर शिकवायला तेच जुने रिमोट लागतील.